खान्देशातील विद्युत वाहन कारागीर व चालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री, मा. ऊर्जा मंत्री व मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, जळगाव व धुळे

विषय: विद्युत वाहनांची चाचणी, दुरुस्ती, चार्जिंग व प्रशिक्षण आणि स्वयंचलित वाहनांचे प्रयोग यांत खान्देशाचा वाटा निश्चित करण्याबाबत.

महोदय,

दीपनगर आणि भुसावळच्या रस्त्यांवर ई-रिक्षा चालवणारे चालक, जळगाव-धुळ्यात त्यांच्या मोटारी, कंट्रोलर व बॅटऱ्या दुरुस्त करणारे कारागीर, औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवरचे चालक आणि आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून याच कामात उतरलेले तरुण, या सर्वांच्या वतीने आम्ही, त्यांची संघटना, हे मागणीपत्र सादर करत आहोत. जिथे नियम झालेला आहे, तिथे आम्ही त्याची अंमलबजावणी मागतो. जिथे नियम नाही, तिथे काय करता येईल ते अटींसह मांडतो.

पार्श्वभूमी

दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रात 500 मेगावॅटचे दोन संच आणि 660 मेगावॅटचा सहावा संच आहे. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने एक मिनिट चालला, तर सुमारे 8,300 युनिट वीज तयार होते. लेड-ॲसिड बॅटरीची ई-रिक्षा एका पूर्ण चार्जिंगला साधारण 8 युनिट घेते. म्हणजे एका संचाच्या एका मिनिटाच्या विजेवर हजार रिक्षांचा दिवस निघतो. ही वीज ग्रीडमध्ये जाते आणि ती साऱ्या राज्याची आहे, हे आम्हाला मान्य आहे. मात्र विजेअभावी खान्देशात विद्युत वाहने वाढत नाहीत, असे कोणाला म्हणता येणार नाही.

हातांचीही वाण नाही. भुसावळची रेल्वे कार्यशाळा विद्युत इंजिनांची नियतकालिक दुरुस्ती करते. इंजिनाची ट्रॅक्शन मोटार उघडणे, वाइंडिंग तपासणे, बेअरिंग बदलणे हे या गावातील अनेक घरांत बापाकडून मुलाकडे आलेले काम आहे.

असे असूनही जुलै 2021 च्या राज्य विद्युत वाहन धोरणात खान्देशाची जागा रिकामी राहिली. त्या धोरणाने 2,375 चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट सात नागरी क्षेत्रांत वाटले: मुंबई 1,500, पुणे 500, नागपूर 150, नाशिक 100, औरंगाबाद 75, अमरावती 30 आणि सोलापूर 20. जळगाव आणि धुळ्याच्या वाट्याला एकही केंद्र आले नाही.

2025 चे नवे धोरण 31 मार्च 2030 पर्यंत लागू आहे आणि त्यासाठी 1,993 कोटी रुपयांची तरतूद आहे. महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे वचन त्यात आहे. विद्युत मोटारी व बसना पूर्ण पथकरमाफी मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर मिळाली. यांतला एकही रस्ता जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातून जात नाही. राज्याची पिंक ई-रिक्षा योजना आठ जिल्ह्यांपासून सुरू झाली. त्या यादीतही आमचे दोन्ही जिल्हे नाहीत.

आम्हाला वेगळी मेहेरनजर नको. धोरण राज्याचे असेल तर नकाशाही राज्याचा असावा, एवढीच आमची भूमिका आहे. त्या आधारे पुढील नऊ मागण्या करत आहोत.

मागणी 1: महामार्गावरील चार्जिंग

सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो आणि पुढे जळगाव, भुसावळवरून विदर्भात जातो. देशाच्या चारही दिशांची मालवाहतूक या चौफुलीवरून जाते. 25 किलोमीटरचा नियम आधी इथे दिसायला हवा.

आम्ही मागतो: पारोळा, एरंडोल, पाळधी, नशिराबाद, दीपनगर आणि मुक्ताईनगर येथे पहिल्या टप्प्यात केंद्रे मंजूर करावीत. अवजड वाहनांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दर 100 किलोमीटरचा निकष आहे. त्यानुसार धुळे आणि दीपनगर येथे ट्रक उभा राहील, वळेल एवढ्या आवाराचे जलद चार्जिंग केंद्र असावे. कोणते केंद्र कोणत्या तारखेला सुरू होणार, याचा तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावा.

मागणी 2: वीजजोडणी मुदतीत, दर परवडणारा

विद्युत वाहन चार्ज करणे ही सेवा आहे, त्यासाठी वीज परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच केला. फेब्रुवारी 2024 च्या नियमदुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरात 3, नगरपालिका क्षेत्रात 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवस ठरवली. आमच्या सदस्यांचा अनुभव या आकड्यांशी जुळत नाही. एका सदस्याने आपल्या दुकानापुढे तीन चार्जिंग पॉइंट बसवायचे ठरवले. भार मंजुरी, कोटेशन आणि जागेचा दाखला यांच्या फेऱ्यांत त्याचा अख्खा हंगाम गेला. शेवटी चालक पूर्वीप्रमाणेच घरच्या बोर्डातून वायर ओढून रात्रभर बॅटरी लावत राहिले. अर्थिंग नसलेल्या घरात हा रोजचा धोका आहे.

आम्ही मागतो: चार्जिंगसाठी आलेल्या अर्जाला एकच खिडकी असावी आणि मुदत उलटल्यास नियमानुसार भरपाई अर्ज न करता मिळावी. सप्टेंबर 2024 च्या केंद्रीय सूचनांत सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत चार्जिंग केंद्राला वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या 0.7 पट दराने मिळावी असे म्हटले आहे. ती सवलत चालकाच्या बिलापर्यंत पोहोचावी. सार्वजनिक जागा प्रति युनिट 1 रुपया महसूल वाटणीवर शासकीय संस्थांना देण्याची तरतूद केंद्राच्या 2022 च्या सूचनांत होती. त्याच धर्तीवर नगरपालिका व ग्रामपंचायतींनी जागा द्याव्यात आणि चालकांच्या सहकारी संस्थांनाही त्यासाठी पात्र धरावे.

मागणी 3: दीपनगरला उष्णता चाचणी केंद्र

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांपुढे जातो. रिक्षाच्या सीटखालच्या पेटीत, पत्र्याच्या आड बॅटरी त्याहून जास्त तापते. आमचा चालक दुपारी एक वाजता गाडी कडुनिंबाखाली लावतो, सीट उचलून पेटी उघडी ठेवतो आणि बॅटरी निवल्याशिवाय चार्जर लावत नाही. हे त्याला कोणत्या पुस्तिकेने शिकवलेले नाही. 25 अंशांवर मोजलेले लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. खान्देशात त्याची किंमत चालक खिशातून भरतो.

वाहन चाचणीची आम्हाला जवळची मान्यताप्राप्त केंद्रे पुणे, अहिल्यानगर आणि मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे आहेत. 1966 पासून कार्यरत असलेली पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आमच्यापासून सुमारे 400 किलोमीटरवर आहे. तिथे उष्णता बंद कक्षात निर्माण करतात. इथे ती एप्रिल-मे-जूनमध्ये उघड्यावर फुकट मिळते, सोबत धूळ आणि खड्डेही मिळतात.

आम्ही मागतो: दीपनगरचे जुने पहिले दोन संच बंद झाले आहेत. त्या आवारातील वापरात नसलेली, सुरक्षित ठरवलेली जागा भाडेकराराने घेऊन तिथे मान्यताप्राप्त संस्थेचे हंगामी उपकेंद्र सुरू करावे. पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टी मोजाव्यात: बॅटरीचे तापमान, चार्जिंगचा वेळ आणि एका चार्जिंगमधील अंतर. जागेची मालकी शासकीय कंपनीकडेच राहावी. व्यवहार्यतेचा अहवाल 60 दिवसांत यावा.

मागणी 4: बॅटरीची सुरक्षा व जबाबदारी

2022 मध्ये देशात विद्युत स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर एआयएस-156 आणि एआयएस-038 ही मानके कडक झाली आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाली. नव्या गाड्यांना त्याने संरक्षण मिळाले. जुन्या गाडीत बदली म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर मात्र तपासणी दिसत नाही. नाव नसलेले, बीएमएसची (बॅटरी व्यवस्थापन प्रणालीची) खात्री नसलेले पॅक बाजारात मिळतात. स्फोट झाला की विक्रेता कारागिराकडे बोट दाखवतो.

आम्ही मागतो: बदली बॅटरीवर निर्मात्याचे नाव, सेलचा प्रकार, निर्मितीचा महिना आणि प्रमाणपत्र क्रमांक यांची छाप असल्याशिवाय विक्री होऊ नये. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे अधिकृत संकलन केंद्र जळगाव व धुळ्यात प्रत्येकी एक असावे आणि तिथला दर फलकावर लिहिलेला असावा.

मागणी 5: दुरुस्तीचा हक्क

गेल्या उन्हाळ्यात एका सदस्याच्या दुकानात झटके देत चालणारी रिक्षा आली. मागचा भाग जॅकवर उचलला, मल्टिमीटर लावला आणि चाक हाताने हळूहळू फिरवले. तीनपैकी दोन हॉल सेन्सरचा संकेत शून्य आणि पाच व्होल्टमध्ये बदलत होता, तिसरा जागचा हलत नव्हता. मोटार उघडून तो एक सेन्सर बदलला आणि संध्याकाळी गाडी रस्त्यावर आली. विक्रेत्याने याच बिघाडासाठी अख्खी मोटार बदलायला सांगितले होते. ती मोटार येईल या आशेवर चालक नऊ दिवस घरी बसून होता.

केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे व्यासपीठ सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. ते आजवर ऐच्छिक सहकार्यावर चालले आहे.

आम्ही मागतो: राज्याचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने वायरिंगचा नकाशा, बिघाड संकेतांची यादी आणि सुट्या भागांची किंमत मराठीत उपलब्ध करावी, अशी अट अनुदानाच्या करारातच घालावी. प्रमाणित कारागिराने दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी रद्द होऊ नये.

मागणी 6: प्रशिक्षण आणि हाताच्या कामाला प्रमाणपत्र

आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम देशपातळीवर मंजूर आहे. तो हवा तिथे पोहोचलेला नाही. दुसरीकडे, दहा-दहा वर्षे मोटारी उघडणाऱ्या कारागिराकडे कागद नसल्यामुळे त्याला ना कर्ज मिळते, ना अधिकृत सेवा केंद्र.

आम्ही मागतो: भुसावळ, जळगाव आणि धुळे येथील शासकीय आयटीआयमध्ये या अभ्यासक्रमाची प्रत्येकी किमान एक तुकडी असावी. काम करणाऱ्यांसाठी सायंकाळचा सहा महिन्यांचा वर्ग आणि पूर्वअनुभवाची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. रेल्वेतून निवृत्त झालेल्या विद्युत तंत्रज्ञांना अतिथी निदेशक म्हणून नेमण्यास परवानगी द्यावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांना आमच्या दुकानांत प्रकल्प करता यावेत. जागा आणि बिघडलेली गाडी आम्ही देऊ, हिशेब आणि आरेखन त्यांनी शिकवावे.

मागणी 7: जुन्या गाड्यांचे रूपांतर

डिझेल किंवा पेट्रोलच्या गाडीला विद्युत संच बसवण्यास नियमांत वाव आहे. त्यासाठी एआयएस-123 प्रमाणे मंजूर संच आणि अधिकृत बसवणारा लागतो. मंजुरीचा खर्च मोठ्या कंपनीला पेलतो. तीन माणसांच्या दुकानाने तो पेलावा ही अपेक्षा अवास्तव आहे.

आम्ही मागतो: जिल्ह्यातील दुकानांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक संच विकसित केल्यास पहिल्या मंजुरीचा 75 टक्के चाचणी खर्च राज्याने उचलावा. तीनचाकी मालवाहू रिक्षा हे पहिले वाहन असावे. सुरक्षेच्या निकषांत कोणतीही सूट आम्ही मागत नाही.

मागणी 8: राखेच्या मार्गावर विद्युत ट्रक

केंद्राच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. म्हणजे राखेची वाहतूक थांबणारी नाही. ठरलेला मार्ग, ठरलेल्या फेऱ्या आणि दोन्ही टोकांना थांबा असल्यामुळे जवळच्या फेऱ्या विद्युत ट्रकला सोयीच्या आहेत.

पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै 2025 पासून विद्युत ट्रकला जास्तीत जास्त 9.6 लाख रुपयांचे प्रोत्साहन आहे. देशभरात सुमारे 5,600 ट्रकना ते मिळणार आहे आणि त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो. एकाच जुन्या ट्रकवर घर चालवणारा मालक तो मोडून नव्याची वाट पाहत बसू शकत नाही.

आम्ही मागतो: राखेच्या वाहतुकीच्या पुढील करारांत पहिल्या वर्षी 5 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 20 टक्के फेऱ्या विद्युत ट्रकसाठी राखून ठेवाव्यात. एक किंवा दोन ट्रकच्या मालकांना प्राधान्य मिळावे. नवा ट्रक हाती आल्यावर 90 दिवसांत जुना मोडण्याची मुभा देण्यासाठी राज्याने केंद्राकडे शिफारस करावी. सध्याच्या चालकाला त्याच वेतनावर उच्च दाबाच्या प्रणालीचे प्रशिक्षण द्यावे.

मागणी 9: स्वयंचलित वाहने आणि चालकाचे स्थान

चालकविरहित मोटारींना देशात परवानगी देणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी अनेकदा जाहीर केले आहे आणि चालकांचा रोजगार हे त्याचे कारण सांगितले आहे. या भूमिकेचे आम्ही स्वागत करतो. तरीही तंत्र थांबलेले नाही. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. सर्वांत खालच्या पायरीची साधने, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक आणि पट्टी सोडल्याचा इशारा, आजच विकत मिळतात. पुण्याच्या एमआयटी विश्वशांती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2021 मध्ये चालकाविना चालणारे विद्युत वाहन तयार करून दाखवले. आयआयटी हैदराबाद येथे 2022 मध्ये स्वयंचलित वाहनांचे चाचणी क्षेत्र सुरू झाले. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 2ब आले. नवसंशोधनासाठी ठरावीक वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राला त्यातून मिळाला.

या तंत्राला आमचे रस्ते अनोळखी आहेत. ते रस्त्यांच्या चित्रांवरून शिकते. भारतीय रस्त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रसंचात 10,000 प्रतिमा आणि 34 वर्ग आहेत, पण त्या हैदराबाद-बंगळूरकडच्या आहेत. रावेर-यावलकडून घड लादून झुकत येणारा केळीचा ट्रक, रात्री दिव्याविना चालणारी कापसाची ट्रॉली, आषाढीसाठी मुक्ताईनगरहून निघणारी पालखी, हे सारे त्या तंत्राने पाहिलेले नाही. आमच्या चालकांनी ते रोज पाहिले आहे.

आम्ही मागतो: खान्देशातील रस्त्यांचा चित्रसंच तयार करण्याचे काम विद्यापीठाला द्यावे, त्यात आमच्या चालकांना मानधनावर घ्यावे आणि चेहरे व क्रमांक झाकल्याशिवाय एकही चित्र वापरू नये. चालकविरहित चाचण्या फक्त बंद आवारात, सुरक्षा चालक बसवूनच व्हाव्यात. अपघाताची जबाबदारी कायद्याने ठरेपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर चाचणी नको. ज्या मार्गावर स्वयंचलन येईल, तिथल्या चालकाला नव्या कामाचा पहिला हक्क असावा.

आमची बांधिलकी

मागणारा हात स्वच्छ असावा, हे आम्ही जाणतो. नियमाप्रमाणे ई-रिक्षाचा वेग ताशी 25 किलोमीटर, प्रवासी चार आणि सामान 40 किलो. हे तिन्ही आमचे सदस्य पाळतील. वेग वाढवण्यासाठी कंट्रोलरशी छेडछाड करणारा किंवा बीएमएस टाळून जोडणी करणारा कारागीर सदस्य राहणार नाही. दुरुस्तीची नोंद प्रत्येक दुकानात ठेवली जाईल आणि मागितल्यास ती तपासणीस खुली असेल.

कालमर्यादा

मागण्या 2, 4 आणि 5 प्रशासकीय आदेशाने पूर्ण होतात. त्यांना 90 दिवस पुरेसे आहेत. मागण्या 1 आणि 6 येत्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीत बसतात. मागण्या 3, 7, 8 आणि 9 साठी विभागांची संयुक्त समिती नेमावी. तिच्यात संघटनेचे दोन प्रतिनिधी असावेत आणि अंतिम अहवालाला सहा महिन्यांची मुदत असावी.

पहिली बैठक 30 दिवसांच्या आत जळगाव किंवा दीपनगर येथे घ्यावी आणि तिची तारीख लेखी कळवावी. प्रस्तावित जागांची यादी, मार्गांचे नकाशे आणि दुकानांतील दुरुस्तीच्या नोंदी घेऊन आम्ही हजर राहू. बैठक मे महिन्यात ठेवता आली तर अधिक बरे. दुपारी एक वाजता उघडलेल्या बॅटरीच्या पेटीवर हात ठेवून पाहिला की तिसऱ्या मागणीवर फार चर्चा करावी लागणार नाही.

आपले,
अध्यक्ष, सरचिटणीस व कार्यकारिणी
दीपनगर, भुसावळ, जळगाव व धुळे भागातील विद्युत वाहन कारागीर व चालकांच्या वतीने